जपानी कंपनीची उन्हाळी सुट्टी चवथीला कशी लावावी

फोंड्याला माझ्याकडे जपानी शिकायला येणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. व्हिसा, पगार, थंडी, तिकडे नुस्तें, म्हणजे मासळी, मिळतं का, हे सगळं विचारून झालं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, चवथीला घरी यायला मिळतं?" मिळतं. नागोयात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीच्या डिझाइन विभागात मी बरीच वर्षं काढली. कोविडचा काळ सोडला तर गणेश चतुर्थीला गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला मी सावईवेऱ्याच्या मूळ घरी हजर असायची. त्यात नशिबाचा भाग थोडा. बाकीचं सगळं मे महिन्यातच जमवून ठेवावं लागतं.

माझा सल्ला आधीच सांगून टाकते. ऑगस्टच्या मध्यात ओबोन, म्हणजे तिथला पितरांचा सण, असतो आणि सगळं ऑफिस सुट्टीवर जाऊ पाहतं. तेव्हा तुम्ही ऑफिसात बसा आणि त्या बदल्यात चवथीचा आठवडा मागून घ्या. आता हे जमवायचं कसं ते बघू.

आधी कंपनीची सुट्टी कुठल्या प्रकारची ते बघा

जपानचा उन्हाळा जुलै ते सप्टेंबर. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे ३५ अंशांत घामाच्या धारा लागलेल्या असतात. उन्हाळी सुट्टी याच दिवसांतली. बोलताना तिला नात्सुयासुमी म्हणतात, कागदोपत्री काकी क्यूका. ही सुट्टी कायद्याने बांधलेली नाही. कंपनी देते म्हणून मिळते. किती दिवस, कधी, पगारी की बिनपगारी, हे सगळं कंपनीच्या नियमावलीत म्हणजे शूग्यो किसोकूत लिहिलेलं असतं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे ही नियमावली करून सरकारी कामगार कार्यालयात दाखल करावीच लागते, आणि कामगाराला ती वाचायला मिळाली पाहिजे असाही नियम आहे. तेव्हा मागायला लाजू नका. सोमुबु, म्हणजे तिथला प्रशासन विभाग, दाखवतो. पहिल्या मुलाखतीत मात्र सुट्टीचा विषय काढू नका. ऑफर हातात आल्यावर विचारलेलं कुणाला खटकत नाही.

कारखान्यांत बहुधा इस्सेई क्यूका असते, म्हणजे सगळ्यांना एकदम सुट्टी. लाइन अर्धी चालवता येत नाही, त्यामुळे ११ ऑगस्टची डोंगर दिनाची राष्ट्रीय सुट्टी धरून १६ तारखेच्या आसपास सगळं बंद. ऑफिसं, सॉफ्टवेअर कंपन्या, दुकानं, हॉटेलं, इस्पितळं यांना असं कुलूप लावता येत नाही, म्हणून तिथे सवडीची पद्धत आढळते. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत अमुक दिवस सुट्टी, कधी घ्यायची ते तुम्ही ठरवा. तीन दिवस असतात, कुठे पाच. काही ठिकाणी जून ते ऑक्टोबर असा लांबलचक पट्टाही देतात. सलग घ्या नाहीतर तुकड्यांत, तेही नियमावलीत लिहिलेलं असतं.

आपल्यासाठी ही दुसरी पद्धत सोन्यासारखी, कारण चवथ या पट्ट्याच्या बाहेर जातच नाही. २०२० मध्ये ती २२ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. कितीही पुढेमागे झाली तरी जुलै ते सप्टेंबरच्या आतच.

एक गोष्ट मात्र बारकाईने बघा. काही कंपन्या 'उन्हाळी सुट्टी' म्हणून जे दिवस दाखवतात ते तुमच्याच हक्काच्या पगारी रजेतून कापलेले असतात. हे बेकायदा नाही. कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी करार करून, पाच दिवस तुमच्या मर्जीवर सोडून बाकीच्या रजेच्या तारखा कंपनी ठरवू शकते. पण दिवस मोजताना तुमची फसगत नको. सरळ विचारा: "नात्सुयासुमी वा युक्यू तो बेत्सु देसु का?" उन्हाळी सुट्टी पगारी रजेपेक्षा वेगळी आहे का, एवढाच प्रश्न. 'हाइ', म्हणजे हो, आलं तर उत्तम.

हक्काची रजा

युक्यू म्हणजे पगारी रजा. ही कायद्याची. नोकरीला सहा महिने झाले आणि कामाच्या दिवसांपैकी ८० टक्के हजेरी भरली की १० दिवस. दीड वर्षाला ११, अडीचला १२, साडेतीनला १४, असं करत साडेसहा वर्षांना २०, आणि मग तिथेच थांबतं. न वापरलेली रजा दोन वर्षांनी बुडते.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण एक हिशेब डोक्यात ठेवा. तिकडे नवीन माणसं १ एप्रिलला रुजू होतात. सहा महिने म्हणजे १ ऑक्टोबर. तोवर चवथ होऊन गेलेली असते. काही कंपन्या रुजू झाल्या दिवसापासूनच थोडी रजा देतात. तुमची देत नसेल तर पहिल्या वर्षीची चवथ निव्वळ उन्हाळी सुट्टीवर आहे. तीन दिवस मिळाले तर शनिवार-रविवार जोडून पाच. त्यात येणं-जाणं वजा करा. दीड दिवसाचा गणपती जेमतेम होतो. वाटलं तर या, पण पहिल्या वर्षी मी तरी कुणाला आग्रह करत नाही. रजा नसताना राहिलात तर ती केक्किन, म्हणजे गैरहजेरी धरली जाते. पगार कापला जातो आणि त्या ८० टक्क्यांच्या हिशेबालाही धक्का लागतो.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे. एप्रिल २०१९ पासून कायदा असा आहे की ज्याला वर्षाला १० किंवा जास्त दिवस रजा मिळते त्याने त्यातली निदान पाच दिवस घेतलीच पाहिजे, आणि ती घेतली जाते की नाही हे बघणं मालकाचं काम. नाहीतर दंड, तोही माणशी ३ लाख येनपर्यंत. म्हणून हल्ली साहेबलोक स्वतःच मागे लागतात, रजा घे बाबा, वर्ष संपत आलं. अशा वातावरणात मे महिन्यातच जो तारखा लिहून देतो तो त्यांना जड होत नाही, उलट त्यांचं एक काम हलकं होतं.

तारखांचा हिशेब

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चवथ उशिरा आहे, सोमवारी १४ सप्टेंबरला. आता तिकडचं कॅलेंडर उघडा. सप्टेंबरचा तिसरा सोमवार म्हणजे २१ तारीख, ज्येष्ठांच्या सन्मानाची सुट्टी. २३ ला शरद संपाताची सुट्टी. आणि तिथला कायदा असा गंमतीचा की दोन राष्ट्रीय सुट्ट्यांच्या मध्ये एकच दिवस अडकला तर तोही सुट्टी होतो, म्हणून २२ पण मोकळी. म्हणजे १४ ते १८ एवढे पाच दिवस तुम्ही मागायचे आणि १२ ते २३ असे सलग बारा दिवस पदरात पाडून घ्यायचे. पाच दिवसांचा गणपती १८ ला पोचवून वर सामान आवरायला वेळ. कंपनी तीनच दिवस देत असेल तर दोन युक्यू घाला.

एक खोच आहे. त्या पाच दिवसांच्या जोड-सुट्टीत अर्धं जपान फिरायला बाहेर पडतं आणि २२-२३ ला परत येतं. परतीच्या विमानाला तेव्हा भाव चढलेला असतो. तुम्ही त्यांच्या आधी, २० नाहीतर २१ लाच परत जा. तिकीट स्वस्त, शिवाय कामावर जाण्याआधी खोलीत पडून राहायला दोन दिवस.

२०२७ ची चवथ शनिवारी, ४ सप्टेंबरला. आजूबाजूला राष्ट्रीय सुट्टी नाही. गुरुवार-शुक्रवार आधीचे आणि पुढच्या आठवड्यातले दोन-तीन दिवस, असं मागा. २०२८ ला ती बुधवारी २३ ऑगस्टला येते, म्हणजे ओबोनला चिकटूनच. त्या वर्षी इस्सेई क्यूकावाल्या कारखान्यातल्या मुलांचंही जमेल. १६ पर्यंत कारखाना बंद, पुढे युक्यू जोडा आणि चवथ करून परत या. बाकीच्या वर्षी त्यांना सगळी भिस्त युक्यूवरच ठेवावी लागते.

मागायचं कसं

आमच्या विभागात जूनच्या सुरुवातीला भिंतीवर एक मोठा तक्ता लागायचा. डाव्या बाजूला नावं, वरती तारखा, ज्याने त्याने आपापल्या दिवसांवर गोल करायचा. हल्ली हेच संगणकावरच्या शीटमध्ये होतं. पहिल्या दिवशी गोल पेन्सिलीचे असत, साहेबांनी मान डोलावली की पेनाचे. ज्या बायकांची मुलं शाळेत, त्या सगळ्यांच्या आधी येऊन ओबोनचे दिवस धरत. १३ ते १६ ऑगस्टच्या खाली बघता बघता गोलांची रांग लागायची. सप्टेंबरचे रकाने मात्र पांढरेशुभ्र.

पण तक्ता लागेपर्यंत थांबायचं नाही. गोल्डन वीकची सुट्टी ५ मेच्या सुमारास संपते, त्यानंतरच्या एखाद्या शांत दुपारी साहेबांना तोंडी सांगायचं. तिथे अर्ज नंतर, बोलणं आधी. अर्जातूनच पहिल्यांदा कळलं तर माणूस दुखावतो. वाक्य साधं: "कुगात्सु नि नात्सुयासुमी ओ तोरिताइ नो देसु गा, योरोशी देशो का?" सप्टेंबरमध्ये उन्हाळी सुट्टी घ्यावी म्हणते, चालेल ना? आणि लगेच दुसरं वाक्य, जे खरं काम करतं: ओबोनच्या आठवड्यात मी ऑफिसात असेन.

हे ऐकल्यावर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्या आठवड्यात कोण थांबणार, ही त्यांची दरवर्षीची डोकेदुखी. नाही म्हणू न शकणाऱ्या एखाद्या तरुणाच्या गळ्यात ते पडतं. तुम्ही स्वतःहून घेतलंत की सप्टेंबरला कुणी हरकत घेत नाही. ज्यांच्या मुलांची सुट्टी वाचली त्या बायका तर तुमच्या बाजूने बोलतात.

कारण सांगायचं का? युक्यूच्या अर्जात 'शियो नो तामे', खासगी कामासाठी, एवढं पुरतं. कारण बघून रजा नाकारायची मुभा कंपनीला नाही. कामाचा खरोखरच खोळंबा होणार असेल तर तारीख बदलायला सांगता येतं, तेवढंच. कंपनीच्या स्वतःच्या उन्हाळी सुट्टीला हे संरक्षण नाही, तिथे नियमावली म्हणेल तसं. म्हणून चवथीचा मुख्य दिवस युक्यूत टाका आणि उन्हाळी सुट्टीचे दिवस त्याच्या पुढेमागे लावा, असं मी मुलांना सांगते. कुणी ओढाताण केलीच तर कडेचे दिवस जातात, मधला राहतो.

तरीही कारण सांगावं, असं माझं मत. 'इंदो नो ओबोन मिताइ ना मोनो देसु', म्हणजे भारतातला ओबोनच समजा, एवढं म्हटलं की पुढे काही समजवावं लागत नाही. ओबोनलाही माणसं मूळ गावी जातात, घराण्यातली सगळी एका छपराखाली जमतात. शास्त्रार्थ करायचा तर ओबोन पितरांचा, आपल्या पितृपक्षाच्या जवळचा. गणपतीशी त्याचा संबंध नाही. पण साहेबांना सुट्टी मंजूर करायची आहे, प्रबंध लिहायचा नाही. मी माटोळीचा फोटो दाखवायची: सुपारीची शिप्टां, तोरिंगण, कांगलां, नारळाची पेंड. जंगलातून कुठलं फळ कोण आणतं हे विचारत आमचे साहेब चहा थंड करायचे. दुसऱ्या वर्षीपासून तेच विचारू लागले, यंदा तुमचा सण कधी? तारीख दरवर्षी बदलते याचं त्यांना भारी कौतुक. त्यामुळेच पुढच्या वर्षीची तारीखही त्याच बैठकीत सांगून ठेवायची.

ओबोनच्या आठवड्यातलं ऑफिस

मुलं विचारतात, त्रास होतो का? मला तर तो वर्षातला सगळ्यात सुखाचा आठवडा वाटायचा. सकाळची मेट्रो रिकामी, बसायला जागा. कँटीन बंद, म्हणून कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे किरकोळ दुकानातून, बेन्तो (जेवणाचा डबा) आणायचा. फोन दिवसातून दोनदा वाजणार आणि तुम्ही म्हणणार, संबंधित माणूस १७ तारखेपर्यंत सुट्टीवर आहे. समोरचाही सुटकेचा श्वास टाकून म्हणणार, आमच्याकडेही तेच. पुरवठादार बंद, गिऱ्हाईक बंद. वर्षभर साठलेली ड्रॉइंगं निवांत लावून घ्यायची. त्याच वेळी शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, फलाटांवर काय गर्दी असते ते टीव्हीवर बघायचं. त्यातल्या सगळ्यात वेगवान नोझोमी गाड्यांना त्या दिवसांत बिनआरक्षणाचे डबेच नसतात, सगळं आरक्षित. आपल्या चाकरमान्यांची मडगावच्या गाडीसाठी जी धडपड असते तीच तिथली.

वेर्ण्यात किंवा पणजीत बसून जपानी गिऱ्हाइकाचं काम करणाऱ्यांनाही ही शांतता उपयोगी. तुमची रजा इथल्या कायद्याने चालते, पण चवथीच्या आधी घर रंगवायचं असेल तर ओबोनचा आठवडा धरा, तिकडून कुणी हाक मारणार नाही.

निघण्याआधी

हिकित्सुगी म्हणजे काम दुसऱ्याच्या हाती देणं. हे नीट केलंत तर पुढच्या वर्षीची सुट्टी आपोआप मंजूर होते. एक पान पुरे: काय अर्धवट आहे, कुठली फाइल कुठे आहे, कुणाचा फोन येण्याची शक्यता आहे आणि त्याला काय सांगायचं. ज्याला देणार त्याच्याजवळ बसून वाचून दाखवा, नुसतं पाठवू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी विभागात फिरून सांगा, "आशिता कारा ओयासुमी ओ इतादाकिमासु." उद्यापासून सुट्टी घेते आहे.

लॅपटॉप घरी आणू नका. आणायलाच लावला तर एवढं लक्षात असू द्या की तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, पुरण ढवळताना मीटिंगला बसणारी माझी एक विद्यार्थिनी आहे. सत्तरी तालुक्यात तर पावसात वीज जाते आणि रेंजही, हे साहेबांना आधीच सांगून ठेवा. खोटंही नाही.

रेसिडेन्स कार्ड खिशात हवं. जपानच्या विमानतळावर देशाबाहेर पडताना भरायच्या कार्डावर 'परत येणार' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करायची. ती केली की वेगळा परवाना न काढता एका वर्षाच्या आत परत जाता येतं, विसरलात तर व्हिसाचं लचांड. कार्डाची मुदत सप्टेंबरच्या सुमारास संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज तीन महिने आधी देता येतो. तो जूनमध्येच द्या.

तिकीट तोंडी होकार मिळाल्यावरच काढा. गोव्याला तिकडून थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, काहीही चालेल, पण शेवटपर्यंतचं तिकीट एकाच बुकिंगवर घ्या; मधलं विमान चुकलं तर पुढची सोय विमान कंपनी करते. मुंबईत उतरून कोकण रेल्वेने येऊ, हा बेत चवथीत नको. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात आणि त्या दिवसांत जागा मिळणं मुश्कील. पेडणे, डिचोली, सत्तरीवाल्यांनी मोपा विमानतळ बघावा, सासष्टी आणि मुरगाववाल्यांनी दाबोळी.

परत जाताना

ऑफिससाठी ओमियागे, म्हणजे गावाची खाऊची पेटी, न्यावीच लागते. सुट्ट्या सुट्ट्या वेष्टनातलं असेल तर वाटायला सोपं, म्हणून काजूची छोटी पाकिटं सगळ्यात बरी. नेवऱ्यांना तूप सुटतं आणि टेबलावर डाग पडतात. चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, अजिबात नको, मांसाचे पदार्थ जपानच्या विमानतळावर अडतात आणि प्रकरण दंडापर्यंत जाऊ शकतं. ताजी फळंही तशीच अडतात, त्यामुळे माटोळीतलं तोरिंगण आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. पेटी घेऊन आधी ज्याने तुमचं काम सांभाळलं त्याच्याकडे जा, मग साहेबांकडे, मग बाकीच्यांकडे.

त्यानंतरच्या पगाराची पावती आली की रजेचा रकाना बघा. किती युक्यू गेली आणि किती उरली हे बहुतेक पावत्यांवर छापलेलं असतं. उन्हाळी सुट्टीचे दिवस चुकून युक्यूत धरले जातात, असं एकापेक्षा जास्त मुलांच्या बाबतीत झालेलं मी पाहिलं आहे. तसं दिसलं तर नियमावलीतलं कलम दाखवून त्याच आठवड्यात सोमुबुला सांगा, त्याच महिन्यात दुरुस्त करून देतात.